वळती माय आणि मालूबाईचा दोरा

खोटं बोलत असेन तर माझी कवळी तापीत पडो आणि सुसरीने ती लावून सात गावं हसत फिरावं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. मीठमिरची मी भाजीत घालते, गोष्टीत नाही. ज्याला पटत नसेल त्याने उठावं आणि ऐकू नये.

तर जैनाबादला, तापीच्या पलीकडे, कौतिकचं केळी पिकवायचं गोदाम आहे. त्याला खिडकी नाही, झरोका नाही. दोन्ही दारं ओढली की भर दुपारी आत काळोख. त्या आषाढात गोदामात केळीचा एक घड नव्हता, पण बाहेर माणसांची रांग अशी की तिचं शेपूट पुलापर्यंत. बुऱ्हाणपूरची माणसं, बहादरपूरची माणसं, इच्छापूरहून जीप भरभरून आलेली माणसं. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाची सून दुखत होती. आणि निम्म्या बायांचं काहीच दुखत नव्हतं. शेजारीण जाऊन आली म्हणून त्या आल्या होत्या.

आत, भिंतीतल्या कोनाड्यात, वळती माय प्रकट झाली होती.

पहिला व्हिडिओ कौतिकनेच काढला. अंधारात हळदीसारखा पिवळा, सुपाएवढा आईचा मुखवटा. मोबाईल डावीकडे नेला की आई डावीकडे मान वळवते, उजवीकडे नेला की उजवीकडे. नुसते डोळे नाहीत हो, सगळं तोंड वळतं. चार दिवसांत तो व्हिडिओ खांडव्यापासून भुसावळपर्यंत प्रत्येक आत्या-मावशीच्या मोबाईलवर पोहोचला. खाली ओळ लिहिलेली, 'माय वळती, संकट टळती'. आता संकट एक असलं तर ते टळतं आणि पुष्कळ असली तर ती टळतात, पण व्याकरण बघत बसलं तर भक्ती कधी करायची.

मायला घेऊन येणारे होते नेत्रानंद महाराज. बारा वर्षं हिमालयात होते असं ते सांगायचे. तिकडून थेट जैनाबादच्या केळीच्या गोदामात कसे उतरले, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. अंगात केशरी कफनी, पायात लाकडी खडावा, आणि तोंडात आमच्यासारखीच हिंदी-मराठीची खिचडी. फक्त तिच्यावर तूप जास्त.

"माय बघते, माय वळते, जो खोटा त्याला गिळते," असं ते म्हणायचे आणि पाटाच्या कडेवर खडावा आपटायचे. "बच्चा, डावा डोळा झाक. डाव्या डोळ्याने माणूस पाप बघतो. मायसमोर फक्त उजवा उघडा पाहिजे."

लोक डावा डोळा तळहाताने झाकायचे आणि दोरीच्या मागून, एका दारातून दुसऱ्या दाराकडे चालत जायचे. माय त्यांच्याबरोबर वळायची. दोरीच्या पुढे जायची मनाई. मायला जिवंत शरीराची ऊब सोसत नाही म्हणे. खरीच आई असती तर लेकराला उबेलाच घेतलं असतं, पण ते असो.

आत जायच्या आधी एक चिठ्ठी लिहून द्यायची. नाव, गाव, काळजी. महाराज ती चिठ्ठी न उघडता मायच्या पुढ्यात ठेवायचे, असं लोक सांगायचे. लोक डावा डोळा झाकून होते, त्यामुळे महाराजांच्या बाजूचं किती दिसत होतं ते त्यांनाच ठाऊक.

या रांगेत एका मंगळवारी सुरेश आपलं घर घेऊन उभा राहिला. सुरेशचं बुऱ्हाणपुरात यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान. बायको सुनंदा, लेक निशा, आणि मोठी बहीण मालूबाई. मालूबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तिने हातात धंदा धरला तो सासरी शिकलेला, साखरेचा. होळीला देवाला आणि लेकरांच्या गळ्यात घालायचे साखरेचे हार-कंगन असतात ना, ते ती करायची. अडुसष्ट वर्षांची झाली तरी अख्ख्या पेठेत तिच्यासारखं पदक कुणाला उतरत नव्हतं. जिभेला मात्र त्या साखरेचा कण कधी चिकटला नाही.

निशाने बी.एससी. केलेलं, गणितात. पुढे एम.एससी.ला इंदूरच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. शुक्रवारी तिथे हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. सुरेश हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. त्याचा आपला एकच धोशा, मायला विचारू.

मालूबाईने रांगेतच सांगून बघितलं की आपली इच्छादेवी आहे, तिला आपण पिढ्यान् पिढ्या नमस्कार करतो, तिने कधी मान वळवली नाही आणि कुणाचं ॲडमिशनही अडवलं नाही. सुरेशने आक्का, हळू बोल, म्हणून तिचा पदर ओढला आणि चिठ्ठी लिहून दिली.

आधी सगळं छान झालं. सुनंदा चालत गेली, माय वळली. मालूबाई गुडघा धरत गेली, माय तिच्यासाठीही वळली. मधेच मालूबाईच्या डाव्या डोळ्याला खाज आली, तिने हात काढून डोळा चोळला, आणि क्षणभर तिला वाटलं की आईचं नाक आत गेलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून ती पुढे झाली.

मग निशा मधोमध आली. महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि खडाव आपटली. आणि मायचं तोंड बदललं. गाल आत ओढले गेले, भुवयांखाली काळं दाटलं, हनुवटी उजळून वर आली. आत्ता हसरी होती ती आता खायला उठलेली. बायांनी किंचाळून एकमेकींना धरलं. सुरेशने तर तिथेच हात जोडून डोकं टेकवलं.

"ये लडकी नर्मदा ओलांडणार होती," महाराज म्हणाले. "माय नाराज आहे. ओलांडली तर घरात तीन महिन्यांत अमंगळ. अकरा मंगळवार सेवा कर बच्चा. फिर देखेंगे."

अकरा मंगळवार म्हणजे आश्विन उजाडणार. इंदूरचं कॉलेज तोवर निशाची वाट बघत दारात आरती घेऊन उभं राहणार नव्हतं.

घरी आल्यावर सुरेशने सांगून टाकलं की विषय संपला. निशाने विचारलं की देवीला नर्मदेचं काय वावडं, नर्मदा तर स्वतः देवी आहे. त्यावर सुरेशने जेवणाचं ताट सरकवलं. सुनंदा त्या दिवसापासून निशाची बॅग सकाळी भरायची आणि संध्याकाळी रिकामी करायची. बॅगेलाही कळेना की आपण प्रवासाला आहोत की कपाटाला.

बुधवारी दुपारी मालूबाई साचे काढून बसली होती. पावसाळ्यात सागवानाला भुंगा लागतो, म्हणून ती दर आषाढात साच्यांना तेल पाजायची. निशा येऊन बाजूला बसली आणि हातातल्या वहीची पानं उगाच उलटत राहिली.

"त्या इंदूरला जाऊन तू शिकणार काय, ते तरी सांग," मालूबाई म्हणाली. "म्हणजे नाही गेलीस तर नेमकं काय बुडलं ते मला कळेल."

"उत्तल, आत्या."

"उथळ? त्याच्यासाठी इंदूर कशाला. आपली गल्ली काय कमी आहे."

निशा दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मग तिने समजावलं. तिच्या हिंदी पुस्तकात उत्तल, जळगावच्या मामेबहिणीच्या मराठी पुस्तकात बहिर्वक्र. बोलताना आपण त्यालाच फुगीर म्हणतो.

"असं सीधं बोल ना. पुरी."

"बोलण्यात पुरी चालते. गणितात नुसतं फुगीर म्हणून नाही चालत. परात आतून बघितली तर खोल, पालथी घातली तर फुगीर. परात तीच आहे, आपण कुठे उभे त्यावर तिचं नाव बदलतं. गणिताला हे चालत नाही. बघणारा कुठेही उभा असो, उत्तर एकच पाहिजे."

"मग तुमचं गणित कसं ठरवतं?"

"वस्तूतले कुठलेही दोन ठिपके घ्यायचे. त्यांच्यामधे सरळ दोरा ताणायचा. कुठलेही दोन घेतले तरी दोरा सगळा वस्तूच्या पोटातच राहिला, तर ती उत्तल. एकदा जरी बाहेर हवेत आला तर नाही."

मालूबाईला हे भलतंच आवडलं. तिने लिंबू घेतलं, लिंबू पास. बटाटा घेतला, त्याला एका बाजूला खळी होती, नापास. मग फळीवरचं केळं घेतलं आणि देठापासून शेंड्यापर्यंत दोरा धरला. दोरा मधल्या बाकाला केळं सोडून हवेत.

"म्हणजे बहादरपूरच्या केळीबागांचा सगळा माल नापास," ती म्हणाली. "पण याची पाठ तर फुगीर आहे की."

"पाठ फुगीर आहे. केळं उत्तल नाही. तेच तर सांगते, बोलण्यातलं वेगळं आणि गणितातलं वेगळं."

मालूबाईने केळं सोलून खाऊन टाकलं. मग मांडीवरचा साचा पुढे ओढला आणि म्हणाली की हे तुमच्या गणितवाल्यांनी आमच्यासारख्या बायांकडूनच ऐकलं असणार. साच्यात ओळीने फुलं कोरलेली असतात, खोल खोल. त्यावर आधी दोरा ताणायचा आणि मग पाक ओतायचा. पाक थिजला की दोरा पदकांच्या पोटात, आणि हार तयार. म्हणून तिच्या सासूने पहिल्या दिवशी शिकवलं होतं, दोरा अधांतरी राहिला तो साचा, दोरा पोटात गेला ती मिठाई.

"नुसत्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही," मालूबाई म्हणाली. "नव्या बायांचं काय होतं, साचा लांबून बघितला की कोरलेलं फूल वर आल्यासारखं दिसतं. त्यांना वाटतं साखर अजून आतच आहे. काढायला जातात आणि बोट गरम खड्ड्यात. आम्ही हसून हसून..."

ती बोलता बोलता थांबली. भुंग्याची भोकं बघायला तिने साचा दाराच्या उजेडाकडे उचलून धरला होता आणि एक डोळा मिटला होता. तिने साचा हात लांब करून धरला. मग डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं.

"निशा. तो बाबा सांगतो तसा डावा डोळा झाक."

निशाने झाकला. साच्यातलं खोल फूल वर आलं, फुगलं, आणि ती सरकली तसं तिच्याकडे वळलं.

मग निशाने विचारलं, मोबाईलला डोळे किती असतात. एक, असं तिनेच उत्तर दिलं. तिने कपाटावरून बॅटरी काढली. खालून उजेड पाडला तर फूल छान टवटवीत. वरून पाडला तर तेच फूल सुकून काळं, जणू कुणी तळतळाट दिलाय.

निशाला लगेच बापाकडे धावायचं होतं. मालूबाईने तिला बसवलं. सुरेशला घरात सांगून पटणार नाही, ती म्हणाली, तो फसला जैनाबादला, त्याला उठवायचंही जैनाबादलाच. आणि फूल वेगळं, देवी वेगळी. फुलाची भीती कुणाला वाटत नाही.

गुरुवारी सकाळी तिने तोंड पाडून सुरेशला सांगितलं की परवा रांगेत आपण वेडंवाकडं बोललो, मायची माफी मागायची आहे, नवस बोलायचा आहे. सुरेशला इतका आनंद झाला की त्याने रिक्षाच केली.

गोदामात त्या दिवशी अंगाला अंग घासत होतं. निशा मालूबाईचा हात धरून चालत होती, सुरेश मागे, आणि दाराशी जागामालक कौतिक. आपल्याच गोदामात देवी उतरली म्हणून कौतिक मिशीला तेल लावून उभा असायचा. मालूबाई मायच्या अगदी समोर आली आणि थांबली.

"महाराज, नवस बोलले," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आईला चांदीचा हार करायचा. या कानापासून त्या कानापर्यंत माप घेऊन जाते."

महाराज पुढे जाऊ नका म्हणणार होतेच. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण चांदी हा शब्द कानात गेला आणि वाक्य अर्ध्या वाटेत बसलं. तेवढ्यात मालूबाई दोरीखालून पलीकडे गेली. अडुसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने. नवसाला पावतं म्हणतात ते हेच असावं.

"माताजी, पीछे," महाराज ओरडले. "मायला जिवंत शरीराची गर्मी सहन होत नाही."

"आमची गर्मी कधीच विझली, महाराज. हात लावून बघा, थंडगार."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. हसू आलं की माणसाचा हात डाव्या डोळ्यावरून आपोआप खाली येतो.

निशाही दोरीखालून आली. मालूबाईने कमरेला खोचलेली सुताची गुंडाळी सोडली, एक टोक निशाकडे दिलं. निशाने मायच्या एका कानाला, मालूबाईने दुसऱ्या कानाला, आणि दोघींनी दोरा ताणला. वाळत घालायच्या दोरीसारखा सरळ. मग कपाळापासून हळूहळू खाली आणला. भुवया गेल्या, डोळे गेले, गाल गेले, ओठ गेले. हनुवटीपर्यंत आला. कुठेही अडला नाही.

"सुऱ्या," मालूबाई म्हणाली, "आईला नाक दिसतंय का तुला?"

सुरेश म्हणाला, दिसतंय की.

"मग दोरा कुठे अडला?"

मालूबाईने दाराशी उभ्या कौतिकला बोलावलं आणि त्याच दोऱ्याने त्याचं माप काढायला घेतलं. दोरा भुवयांपर्यंत आला आणि पुढे कौतिकचं नाक. ते नाक बहादरपुरात नावाजलेलं. दोरा तिथेच अडकला. आता सगळं गोदाम मोकळेपणाने हसत होतं, आणि कौतिकला आपल्या नाकाचा अभिमान वाटावा की राग यावा ते ठरवता येत नव्हतं.

मालूबाई परत मायकडे गेली आणि तिने आपला हात मायच्या नाकावर ठेवला. म्हणजे लोकांना वाटलं की ठेवला. हात नाकाच्या आत गेला, गालाच्या आत गेला, मनगट बुडालं, बांगड्या बुडाल्या.

"पोकळ आहे," ती म्हणाली. "हे तोंड नाही. तोंड ज्याच्यातून काढतात तो साचा आहे. आतून रंगवलाय. माझ्या घरी असले चाळीस आहेत, त्यातला एकही कुणाच्या पोरीचं शिक्षण अडवत नाही."

महाराजांनी मग मायला संताप आणायला खडाव आपटली. माय चिडली. घाबरून पुन्हा आपटली, तर ती प्रसन्न झाली. त्या गडबडीत ते आपटतच राहिले, आणि माय चिडते, हसते, चिडते, हसते, जशी लग्नातली लाईट. निशाने वाकून पाटावरची चटई उचलली. खाली एक बटण, एकदा दाबलं की एक दिवा, पुन्हा दाबलं की दुसरा. त्याच्या दोन वायरी, एक कोनाड्याच्या खालच्या बल्बला, दुसरी वरच्या.

"आईचा मूड महावितरणवर नाही, महाराजांच्या टाचेवर आहे," असं कुणीतरी मागून बोललं. महावितरण आपल्याकडे नाही, ते महाराष्ट्रात, पण माणूस इच्छापूरकडचा होता, हद्दीवरच्या माणसाची वीज कुणाची ते त्यालाच नीट माहीत नसतं.

निशाने सगळ्यांना समजावलं, तेही भाषण न करता. जन्मल्यापासून आपण माणसांची तोंडं बघतो, ती सगळी बाहेर आलेली. म्हणून खोलगट तोंड समोर आलं तरी डोकं म्हणतं, तोंड आहे म्हणजे बाहेरच आलेलं असणार. दोन्ही डोळ्यांनी जवळून बघितलं तर खोली कळते, म्हणून दोरी आणि म्हणून डावा डोळा बंद. आणि वळतं कसं? खऱ्या तोंडात नाक जवळ, कान लांब. साच्यात कान जवळ, नाक लांब. आपण बाजूला सरकलो की डोक्यातल्या समजुतीचा आणि समोरच्या दिसण्याचा मेळ बसत नाही. आता डोकं आपली चूक थोडंच कबूल करणार. ते म्हणतं, आईच वळली.

कौतिक अजून हटून होता. पण माझ्याकडेच बघत होती ना, तो म्हणाला.

"पोकळ असतं ना कौतिकभाऊ, ते सगळ्यांकडेच बघतं," मालूबाई म्हणाली. "निवडणुकीला उभा राहिलेला माणूस बघितला नाहीस का."

हे सगळं ठीक, पण निशा समोर बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती. सुरेश तसाच हात जोडून उभा होता. हात सोडायचे राहूनच गेले होते. शुक्रवार उद्यावर आला होता.

मालूबाईने दोन्ही बल्ब काढायला लावले. गोदाम पुन्हा काळोखं. तिने बॅटरी सुरेशच्या हातात दिली आणि दोरीच्या मागे उभं केलं. डावा डोळा झाक, म्हणाली, परवासारखाच. निशाने तिच्या सांगण्यावरून शेजारी उभं राहून बापाचा मनगटासकट हात धरला आणि बॅटरी उंच, मायच्या डोक्याच्या वर नेली. माय चिडली. खायला उठली. मग खाली, हनुवटीखाली नेली. माय शांत, हसरी, पोटच्या पोरीकडे बघावं तशी.

"परवा आई काही बोलली नाही सुऱ्या," मालूबाई म्हणाली. "तुझी चिठ्ठी बोलली. काय लिहिलं होतंस?"

सुरेशने सांगितलं. लिहिलं होतं, पोरगी लांब चालली, भीती वाटते.

"झालं. त्याने तुझीच भीती तुला वरून उजेड पाडून दाखवली. आता बॅटरी तुझ्या हातात आहे. वर धर नाही तर खाली धर, पण नाव आईचं सांगू नकोस."

निशाने त्याचा हात सोडला. बॅटरी जरा वर गेली, मायच्या कपाळावर सावली पडली. मग ती खाली आली, आणि खालीच राहिली.

"तिथे एकटी राहशील?" त्याने विचारलं.

"एका मजल्यावर सतरा पोरी आहेत, पप्पा. एकटं राहायला मिळालं तर मीच नवस बोलीन."

सुरेशने बॅटरी विझवली. घरी सांग बॅग रिकामी करू नको म्हणून, इतकंच तो म्हणाला.

महाराज तोवर मागच्या दाराकडे सरकले होते. एका हातात कफनीचा घोळ, दुसऱ्या हातात दानाची आणि चिठ्ठ्यांची पिशवी. दाराबाहेर पाय टाकला तो नेमका कौतिकने खाल्लेल्या केळीच्या सालावर. एक खडाव तापीकडे, एक खडाव बुऱ्हाणपूरकडे, महाराज आडवे, आणि पिशवीतल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाऱ्यावर. सगळ्या उघडलेल्या, वाचलेल्या, काहींवर तर पेनाने खुणा केलेल्या. लोकांनी आपापल्या चिठ्ठ्या गोळा केल्या, जरा लाजत.

शुक्रवारी पहाटेच्या बसने निशा निघाली. बस नर्मदेच्या पुलावर आली तेव्हा तिने घरी फोन लावला, काही अमंगळ झालं का विचारायला. सुनंदा म्हणाली, दूध उतू गेलं. ते ती रोजच घालवते.

आता एवढं ऐकलंत तर एक ऐका. पाया पडा, नवस बोला, तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. पण कुणी म्हणालं एक डोळा झाक, लांब उभा राहा, हात लावू नको, की समजा तिथेच पाणी मुरतंय. खऱ्या गोष्टीला जवळून बघितलेलं चालतं. तिला दोन्ही डोळ्यांनी बघितलं, पालथी घालून बघितली, दोरा लावून बघितला, तरी ती रागवत नाही. आणि घरातला निर्णय घ्यायची भीती वाटत असेल तर ती भीती पोरीशी बोला. अनोळखी माणसाला चिठ्ठीत लिहून देऊ नका.

बरं, आता कबूल करते. केळीचं साल मी माझ्या पदरचं घातलं. लई वाटत होतं मला की तो घसरावा. नाही घसरला. दोन्ही खडावा नीट घातल्या, चिठ्ठ्यांची पिशवी बगलेत मारली आणि सरळ चालत मोटरसायकलवर जाऊन बसला. लोकांनी वाट करून दिली. दोघांनी तर जाता जाता त्याचे पाय धरले, आणि त्यातला एक कौतिक होता.